अननस कापण्याचे यंत्र आणि घरचे फ्रूट सॅलड : तीन आठवड्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

मराठी घरात ‘फ्रूट सॅलड’ म्हटले की डोळ्यांसमोर येतात त्या कस्टर्डच्या पिवळसर दुधात बुडालेल्या केळी-सफरचंदाच्या फोडी आणि सोबत गरम पुऱ्या. त्या पदार्थाशी माझे वैर नाही. लग्नाच्या पंगतीत मी तो दोनदा वाढून घेणाऱ्यांपैकी आहे. मात्र इथे ज्या सॅलडच्या निमित्ताने मी लिहीत आहे, त्यात दूध नाही, साय नाही, डबाबंद फळही नाही. अननस, पपई, केळी, आंबा आणि कापा फणसाचे गरे एवढीच त्यातली फळे, आणि वरून लिंबू. मे महिन्यात ही पाचही फळे बाजारात एकाच वेळी मिळतात, त्यामुळे आमच्या ठाण्याच्या घरी हा पदार्थ आठवड्यातून दोन-तीनदा होतो आणि तो करण्याचा सगळा वैताग एका अननसापाशी येऊन साचतो.

त्या वैतागापोटीच एप्रिलच्या अखेरीस मी फळे कापण्याच्या तीन अवजारांचा एक संच ऑनलाइन मागवला. अननसाचा मधला दांडा काढून गराच्या चकत्या पाडणारे फिरकीचे पाते, आंब्याची कोय वेगळी करणारी लंबगोल चौकट आणि पपई-कलिंगडाच्या गराचे गोळे काढणारा दुतोंडी चमचा असे हे तीन नग असून मला तो संच ७४९ रुपयांना पडला. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हुबेहूब हीच वस्तू किमान पाच-सहा नावांनी विकली जाते आणि बदलतो तो फक्त खोक्याचा रंग. तीन आठवड्यांत या संचाने सात अननस, दीड डझन आंबे आणि चार पपया कापल्या. अननस प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर तोलून पाहिला, म्हणून पुढची मते केवळ अंदाजाने दिलेली नाहीत.

अननसाच्या पात्याची रचना साधी आहे. फळाचा तुरा आणि वरची एक चकती सुरीने उडवायची, पोकळ नळी दांड्यावर बसवायची आणि मूठ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत न्यायची. नळीभोवतीचे वर्तुळाकार पाते गरात स्क्रूसारखे उतरत जाते, तळाशी पोहोचल्यावर मूठ वर ओढली की स्प्रिंगसारखी एकसंध चकत्यांची माळ बाहेर येते आणि दांडा नळीत अडकून राहतो. पहिल्यांदा हे पाहताना घरातली सर्व मंडळी ओट्याभोवती जमली होती, हे मान्य केले पाहिजे. बाहेर आलेली माळ जवळून पाहिल्यावर मात्र तिच्या वरच्या निम्म्या चकत्यांच्या कडेला हिरवट-तपकिरी साल आणि काळे डोळे जसेच्या तसे चिकटलेले दिसले, आणि ते सुरीने एकेक करून काढण्यात सात मिनिटे गेली.

असे का झाले हे कळण्यासाठी अननसाच्या जाती समजून घ्याव्या लागतात, आणि या अभिप्रायाचा मुख्य मुद्दाही तोच आहे. मुंबई-ठाण्याच्या गाड्यांवर उन्हाळ्यात जे अननस दिसतात, त्यांतले पुष्कळसे केरळातून येतात. एर्नाकुलम जिल्ह्यातील वाळकुळम हे त्या व्यापाराचे मोठे केंद्र असून तिथल्या अननसाला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळालेला आहे. ही मॉरिशस जात, क्वीन गटातली. फळ आकाराने मध्यम, शेंड्याकडे निमुळते, गर गडद पिवळा, वास घरभर दरवळणारा आणि डोळे खोल. याउलट क्यू जातीचे फळ मोठे, दोन-अडीच किलोपर्यंत जाणारे, आकाराने जवळजवळ सरळ नळकांडे, गर फिकट आणि रसाळ, तर डोळे रुंद पण उथळ असतात. डबाबंद चकत्यांसाठी क्यूला पसंती मिळते ती याच उथळ डोळ्यांमुळे, कारण साल काढली की डोळेही तिच्याबरोबर निघून जातात.

आता यंत्राच्या मापाकडे पाहू. पात्याच्या वर्तुळाचा व्यास पट्टीने मोजला असता ९ सेंटिमीटर भरला. साल आणि डोळे मिळून प्रत्येक बाजूने सव्वा सेंटिमीटर धरले, तर चकती स्वच्छ निघण्यासाठी फळाची जाडी कुठेही साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. मी आणलेल्या पाच मॉरिशस अननसांपैकी एकही मधोमध अकराच्या पुढे गेला नाही, आणि तुऱ्यापाशी तर ते जेमतेम नऊच होते. पाते तिथे गरात न शिरता सालीतूनच फिरत होते. हा पात्याच्या धारेचा दोष नव्हे. हे अवजार ज्या फळासाठी घडवले आहे ते फळ आपल्या गाडीवर क्वचितच असते, एवढाच याचा अर्थ.

अननसाचे नळकांडे काढण्याची कल्पना मुळात कारखान्यातली आहे. हवाईमध्ये जेम्स डोल यांच्या अननस कंपनीसाठी हेन्री गिनाका या तंत्रज्ञाने १९११ मध्ये साल आणि दांडा एकाच वेळी काढणारे यंत्र तयार केले. तिथे पिकत होती ती क्यूच्याच कुळातली स्मूथ केयेन जात, आणि उद्देश होता गोल डब्यात नेमकी बसणारी चकती मिळवण्याचा. माझ्या ओट्यावरची फिरकी ही त्या यंत्राची दूरची, हाताने चालणारी नातेवाईक म्हणता येईल. डबा भरायचा असेल तर चकतीचा व्यास एकसारखा असणे आवश्यकच आहे. पण घरच्या वाडग्यासाठी फोडी करायच्या असताना त्या एकसारखेपणाचा काहीच उपयोग नाही आणि त्याची किंमत मात्र गराच्या रूपाने मोजावी लागते.

ती किंमत किती, हेही सांगतो. तुऱ्यासह १२०० ग्रॅमच्या एका मॉरिशस अननसातून यंत्राने, डोळे हाताने काढल्यानंतर, ४८० ग्रॅम गर मिळाला. तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या फळातून सुरीने ५८० ग्रॅम. त्यानंतर एका मोठ्या फळवाल्याला आधी सांगून ठेवून दोन क्यू अननस मिळवले, दोन्ही २४०० ग्रॅमच्या आसपासचे. इथे यंत्राने आपले काम निर्दोष केले. अवघ्या दोन मिनिटांत स्वच्छ, एकाही डोळ्याशिवाय, पारदर्शक कडांच्या चकत्या निघाल्या. वजन भरले ८५० ग्रॅम. सुरीने कापलेल्या दुसऱ्या फळातून मात्र १२२० ग्रॅम गर निघाला होता, म्हणजे यंत्राने पाव किलोहून अधिक चांगला गर सालीच्या भिंतीला तसाच ठेवून दिला होता. तो चमच्याने खरवडून काढता येतो, आणि मी तो काढला. २९० ग्रॅम भरला. माझ्या सासूबाई फोंड्याच्या, त्यांनी तो खरवडलेला गर पाहताच फ्रूट सॅलड बाजूला ठेवले आणि ओले खोबरे, मोहरी, सुकी मिरची वाटून, गूळ घालून अननसाचे सासव केले. ‘‘हे यंत्र सासवासाठीच घेतलेले दिसते,’’ असे त्यांचे मत पडले. सासवाला फोडी आखीव नसल्या तरी चालतात, म्हणून ते मत अगदीच चुकीचे म्हणता येत नाही.

यंत्राची तुलना ज्याच्याशी व्हायला हवी तो खरा प्रतिस्पर्धी म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा गाडीवाला. तो अननस डाव्या हातात उभा धरतो, लांब पात्याच्या सुरीने साल वरून खाली पातळ उतरवतो आणि मग डोळ्यांच्या तिरप्या रांगांवरून इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या चरी पाडत फळ फिरवत नेतो. अननस म्हणजे एक फळ नसून शंभराहून अधिक फुलांची एकजीव झालेली फळे असतात आणि प्रत्येक डोळा हा त्यांतल्या एकेका फुलाचा अवशेष असतो. हे डोळे फळावर सर्पिल रांगांत बसलेले असतात, साधारणपणे एका दिशेने आठ आणि दुसऱ्या दिशेने तेरा. गाडीवाल्याने हे आकडे कधी मोजले नसतील, पण त्याची सुरी बरोबर कमी रांगांच्या दिशेने चालते, कारण चरी जितक्या कमी तितका गर कमी वाया जातो. हे तंत्र मी त्याच्याकडून पाहून घरी करून बघितले. पहिल्या फळाला चौदा मिनिटे लागली, चौथ्याला नऊ. यंत्राची दोन मिनिटे आणि डोळे काढण्याची सात मिनिटे यांची बेरीजही नऊच होते.

यंत्राच्या बांधणीविषयी थोडक्यात. पाते स्टेनलेस स्टीलचे असून तीन आठवड्यांत त्याला गंज धरला नाही. मूठ प्लास्टिकची आहे आणि ती नळीला अडकवणारी दाबकळ पाचव्या फळानंतर सैल पडली, त्यामुळे आता फिरवताना मूठ किंचित डगमगते. पात्याच्या आतल्या बाजूला धागे अडकतात. ते वाळण्यापूर्वी जुन्या टूथब्रशने काढले नाहीत तर नंतर निघत नाहीत. याहून गंभीर गोष्ट अशी की नळीच्या तोंडाशी करवतीसारखे दाते आहेत आणि त्यांवर घालायचे झाकण संचात दिलेले नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या हाती ही वस्तू देऊ नये. आमच्याकडे मी ती वेगळी धुऊन, फडक्यात गुंडाळून खणात ठेवतो.

आंब्याच्या चौकटीवर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. आंबा देठाकडून उभा धरून, कोयीची चपटी बाजू ओळखून, चौकट दोन्ही हातांनी खाली दाबायची अशी अपेक्षा आहे. कडक, मोठ्या आंब्याला हे जमते. तोतापुरीवर ती बरी चालली. आढीतून काढलेल्या, सॅलडसाठी योग्य पिकलेल्या हापूसवर ती दाबली की साल फाटते, रस ओट्यावर येतो आणि फोडीऐवजी अर्धा आमरस हाती लागतो. हापूसचे दोन गाल साध्या सुरीने उतरवून, सालीच्या आतच गराला आडव्या-उभ्या चिरा देऊन चमच्याने चौकोन सोडवावेत. त्याला दीड मिनिट लागते आणि बाठा चोखायला घरात उमेदवार असतातच. चौकटीतून निघालेल्या कोयीला गर इतका असमान चिकटलेला असतो की त्या उमेदवारांमध्ये भांडण होते.

संचातला तिसरा नग, गोळे काढण्याचा चमचा, हा मात्र निर्विवाद उत्तम निघाला, आणि गंमत म्हणजे खोक्यावर त्याचे चित्र सर्वांत लहान आहे. त्याच्या एका टोकाला मोठी व दुसऱ्या टोकाला लहान अर्धगोल वाटी आहे, कडा पुरेशा धारदार आहेत आणि मूठ ओल्या हातातून निसटत नाही. पपई सुरीने कापली की तिच्या आतल्या पोकळीमुळे फोडी वेड्यावाकड्या होतात आणि कोपऱ्यांशी त्या मऊ पडून पाणी सोडतात. गोळ्यांना कोपरेच नसल्यामुळे ते सॅलडमध्ये ढवळले तरी मोडत नाहीत. गोळ्यांमधला उरलेला गर दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच खाल्ला जातो, म्हणून नासाडीचा प्रश्न येत नाही.

संचासोबत एक पाककृतीची घडीपत्रिकाही आली आहे, आणि तिच्यातल्या एका सूचनेबद्दल इशारा देणे आवश्यक वाटते. त्यात ताज्या अननसाचे तुकडे थंड दुधाच्या कस्टर्डमध्ये घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायला सांगितले आहे. असे करू नये. कच्च्या म्हणजे न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाची विकरे असतात, ती प्रथिनांचे तुकडे करतात, आणि दुधातली प्रथिने अशी तुटली की दूध फाटल्यासारखे होऊन त्याला कडवट चव येते. अननस जास्त खाल्ल्यावर जीभ चुरचुरते त्यातही याच विकरांचा हात असतो. उष्णतेने ती निष्प्रभ होतात; म्हणूनच डब्यातला अननस दुधात चालतो आणि म्हणूनच लग्नाचे आचारी फ्रूट सॅलडमध्ये डब्यातला किंवा पाकात शिजवलेला अननस घालतात. ज्याला कस्टर्डच हवे असेल त्याने अननसाच्या फोडी साखरेबरोबर पाच-सात मिनिटे उकळून, पूर्ण गार करून मग दुधात घालाव्यात.

माझ्या घरी जे सॅलड ठरून गेले आहे त्याचे प्रमाण सहा माणसांसाठी असे आहे : अननसाच्या फोडी अर्धा किलो, पपईचे गोळे ४०० ग्रॅम, दोन हापूस, कापा फणसाचे दहा-बारा गरे उभे चिरून, चार वेलची केळी, एका लिंबाचा रस आणि त्याच लिंबाच्या सालीचा हिरवा भाग किसून पाव चमचा. फणस कापाच हवा. बरक्याचा गर सॅलडमध्ये विरघळून जातो आणि सगळ्याला आपलाच वास लावतो. पेरू घालायचा झाल्यास बियांचा भाग काढून टाकावा. चिकू मी घालत नाही, कारण त्याचा रवाळ गोडवा अननसाच्या आंबटपणाशेजारी फिका आणि मातकट लागतो. घोलवडचा उत्तम चिकू असला तरी तो वेगळा, एकटाच खावा.

क्रमही महत्त्वाचा आहे. अननस सर्वांत आधी कापून चाळणीत दहा मिनिटे निथळत ठेवावा आणि निथळलेला रस टाकू नये. त्या रसात लिंबाचा रस मिसळून केळ्याच्या चकत्या थेट त्यातच पाडाव्यात. कापलेल्या केळ्याचा गर हवेशी संपर्क आल्यावर काळा पडतो, आणि आंबट रसाचे आवरण मिळाले की ती क्रिया बरीच लांबते. फणस आणि पपई त्यानंतर, आंबा सर्वांत शेवटी आणि वरून, ढवळल्याशिवाय. साखर मी घालत नाही. फळे फारच फिकी निघाली तर दोन चमचे काकवी पुरते, आणि चिमूटभर सैंधव घातले की अननसाचा आंबटपणा बोचत नाही. मात्र मीठ किंवा काकवी पानात वाढतानाच घालावी. आधी घातली तर फळांतले पाणी बाहेर ओढले जाते आणि अर्ध्या तासात वाडग्याच्या तळाशी सरबत साचते. फ्रीजमध्ये तासाभरापेक्षा जास्त ठेवल्यास पपईचा वास इतर फळांना लागतो, असा माझा अनुभव आहे.

अननस निवडण्याबद्दलही एक गोष्ट, कारण यंत्र कितीही चांगले असले तरी कच्च्या फळाला ते गोड करू शकत नाही. केळी आणि आंबा तोडल्यावरही पिकतात, अननस पिकत नाही. तोडल्यावर त्याचा रंग पिवळा होईल, साल मऊ पडेल, पण साखर वाढणार नाही. म्हणून ‘‘दोन दिवस ठेवा, गोड होईल’’ या आश्वासनावर हिरवा अननस घरी आणू नये. तळाशी नाक लावून वास घ्यावा, आणि आकारमानाने सारखे दिसणाऱ्या दोन फळांपैकी हाताला जड लागणारे उचलावे.

एकूण संचाला मी पाचपैकी अडीच गुण देईन, आणि त्यांतले दीड एकट्या चमच्याचे आहेत. ज्यांच्याकडे नियमाने क्यू जातीचे मोठे अननस येतात, ज्यांना सुरी धरताना मनगट दुखते, किंवा ज्यांना पार्टीसाठी अननसाची पोकळ साल वाडग्यासारखी मांडायची आहे, त्यांना फिरकी उपयोगी पडेल. अशांनी खरेदीपूर्वी पात्याचा व्यास विचारून घ्यावा, कारण काही संचांत दोन-तीन मापांची पाती मिळतात आणि मॉरिशस अननसासाठी साडेसात सेंटिमीटरच्या आसपासचे पाते अधिक योग्य ठरेल असे माझे गणित सांगते. बाकीच्यांनी भांड्यांच्या दुकानातून नुसता गोळ्यांचा चमचा घ्यावा. आमच्या बाजारपेठेत त्याच बनावटीचा चमचा ९० रुपयांना टांगलेला मला परवा दिसला, संच परत करण्याची दहा दिवसांची मुदत संपून गेल्यानंतर.